चाळीस मिनिटांवर माथा, आणि आम्ही परत फिरलो

सोनचाफी (धागाकर्ती)

गेल्या रविवारी बर्फातल्या टेकड्यांवर दिवसभर चालून आलो. मी, नवरा आणि धाकटा दीर. माथा गाठला नाही. घरी आल्यापासून दीर येणाऱ्या-जाणाऱ्याला "पोचलोच होतो हो, वहिनींनी फिरवलं" असं सांगतो आहे, म्हणून हा धागा. आधी वृत्तांत वाचा, मग कौल द्या.

जाऊन-येऊन अकरा किलोमीटर, चढ सातशे मीटर. एरवी या वाटेवर शाळकरी पोरं पळत जातात. आदल्या रात्री नवऱ्याने नेस्मिथचा ठोकताळा लावून हिशेब मांडला. तासाला पाच किलोमीटर, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला हा नियम अजून कामाला येतो. उत्तर आलं साडेतीन तासांच्या आत. बर्फ आहे म्हणून दुप्पट धरले. सूर्यास्त पाच दहाला. तेव्हा सव्वाआठला चालायला लागायचं आणि एक वाजता जिथे असू तिथून मागे वळायचं, असं कागदावर लिहून तिघांनी खाली सह्या केल्या. सह्यांची कल्पना दिराची, हे नमूद करून ठेवते.

गाडीपाशी उणे तीन होतं. आम्ही दोघं एकेक थर काढून कुडकुडत निघालो, कारण चढ लागला की दहा मिनिटांत भट्टी पेटते. दिराने जाड जाकीट गळ्यापर्यंत चढवलेलं. "मला नाही उकडत." बरं.

सकाळचे दोन तास म्हणजे निव्वळ सुख. आदल्या दिवशी उन्हाने वितळलेला वरचा थर रात्री गोठून त्याचा कडक पापुद्रा झाला होता. बुटांना मायक्रोस्पाइक्स (तळव्याला अडकवायचे छोटे लोखंडी खिळे) लावलेले, पाय पडला की कर्र, उचलला की टिच्. थांबलो की काहीच नाही. झाडांखाली, जिथे ताजा भुसभुशीत बर्फ साचला होता, तिथे तर आपलाच आवाज दोन हातांवर विझल्यासारखा वाटतो. त्या बर्फात हवाच जास्त, ती आवाज पिऊन टाकते. काठी खोल खुपसून काढली की भोकात निळा उजेड दिसायचा. हातभर खोल आणि स्वच्छ निळा. दर दहा पावलांवर मी भोक पाडून वाकून बघत होते, शेवटी नवरा म्हणाला की या वेगाने उन्हाळ्यात पोचू.

झाडी संपली आणि सोंडेवर आलो तिथे एक गंमत दिसली. आमच्या आधी कोणीतरी एकटाच गेला होता, त्याचे ठसे. पण खड्डे नव्हते, उंचवटे होते! बुटाच्या आकाराचे, वीतभर उंच, एकामागे एक, छोट्या चौथऱ्यांसारखे उभे. पायाखाली दाबला गेलेला बर्फ घट्ट झाला आणि आजूबाजूचा सुटा बर्फ वाऱ्याने खरवडून नेला. गेलेल्या माणसाची पावलं अशी जमिनीतून वर आलेली मी पहिल्यांदाच पाहिली. त्यातल्या एका टाचेच्या कडेला खिळ्याची खूण शाबूत होती.

अकरानंतर चित्र पालटलं. ऊन आलं आणि पापुद्रा दगा द्यायला लागला. सरळ बुडत गेलो असतो तरी चाललं असतं, पण हा पापुद्रा आधी वजन घेतो, तुम्ही विश्वासाने दुसरा पाय उचलता, आणि मग हा फुटतो. मांडीपर्यंत आत. बाहेर निघताना नडगी कडेवर खरचटते. पाय ओढा, ठेवा, थांबा, विश्वास ठेवा, बुडा. पुढे चालणाऱ्याने पन्नास पावलं वाट फोडायची आणि मग मागे जायचं असं ठरवलं. पन्नासाची तीस झाली, तिसाची वीस.

माथ्याच्या आधीच्या खिंडीत पोचलो तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. समोर शेवटचा टप्पा, सव्वाशे-दीडशे मीटर चढ. "वहिनी, फक्त चाळीस मिनिटं." आम्ही परत फिरलो.

उतरताना दिराने घळीतून बसून घसरत जायची टूम काढली, ती हाणून पाडली. तीनच्या सुमारास ढग खाली आले आणि आभाळ, उतार, धार सगळं एकाच पांढऱ्यात गेलं. सावलीच नाही, त्यामुळे पुढची जमीन वर चढते की खाली जाते तेही कळेना. बर्फाचा गोळा करून पुढे फेकायचा, तो कुठे पडतो आणि कसा घरंगळतो ते बघायचं, मग तिथपर्यंत जायचं, असं अर्धा तास चाललं. चार पस्तीसला गाडीपाशी.

(अवांतर: खिंडीत माझा उजवा हातमोजा उडाला. नवा होता. असो.)

खडकू

मस्त! वाचनखूण साठवली. ते ठशांचं भारीच. फोटो कुठायत?

सोनचाफी

@खडकू, फोनने साडेअकराला मान टाकली. सकाळी ऐंशी टक्के होता. थंडीत बॅटरीच्या आतली रासायनिक क्रिया मंदावते, त्यामुळे चार्ज असूनही फोन बंद पडतो. नवऱ्याचा आतल्या खिशात अंगाला लागून होता, तो व्यवस्थित चालू. पण तो फोटो काढत नाही, नकाशा बघतो.

निवांत_पामर

कुठली टेकडी?

सोनचाफी

नाव मुद्दाम टाकलं नाही. नाहीतर चर्चा त्या टेकडीची होते, तिथे गाडी कुठे लावायची यावर येऊन थांबते.

मुक्कामपोस्ट

स्पष्ट बोलतो, हलके घ्या. चाळीस मिनिटांवरून परत फिरणं हा भित्रेपणा आहे. एक चाळीसला माथ्यावर, दहा मिनिटं बसून दोन वीसला परत खिंडीत. सूर्यास्त पाच दहाला म्हणजे पावणेतीन तास हातात. उतार आहे, धावत येता. वर सूर्य बुडाला म्हणजे लगेच काळोख होत नाही, अर्धा तास संधिप्रकाश असतोच. हेडटॉर्च नव्हत्या का? सह्या केल्या म्हणून डोळे मिटून घड्याळ पाळायचं असेल तर डोंगरात कशाला जायचं? दीर बरोबर आहे.

खडकू

+१. चाळीस मिनिटं म्हणजे काहीच नाही.

सोनचाफी

@मुक्कामपोस्ट, हिशेब ठीक आहे, फक्त "उतार आहे, धावत येता" एवढं सोडून. आम्हाला खिंडीतून खाली यायला तीन तास पस्तीस मिनिटं लागली. दुपारी बर्फ सकाळचा राहत नाही. म्हणजे तुमच्या दोन वीसमध्ये ती मिळवा. पाच पंचावन्न. तेही वाटेत ढगात सापडून. हेडटॉर्च दोन होत्या, माणसं तीन.

मुक्कामपोस्ट

हे तुम्हाला खाली आल्यावर कळलं. एक वाजता खिंडीत माहीत नव्हतं.

सोनचाफी

हे मात्र खरं.

घाटवाट

माथ्याचं जाऊ द्या, मला ती घळ खटकली. ती हाणून पाडली म्हणून तिघं टंकायला शिल्लक आहात, हे दिराला माझ्यातर्फे सांगा.

हिमस्खलन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे महाकाय शिखरं येतात. त्याला शिखर लागत नाही, उतार लागतो. साधारण तीस ते पंचेचाळीस अंश. त्याहून कमी असेल तर थर सहसा सुटत नाही, फार जास्त असेल तर बर्फ साचायच्या आधीच झडून जातो. आणि बसून घसरायला मजा येते तो उतार नेमका या दोन्हींच्या मधला असतो. फोनमध्ये कोन मोजायची सोय असते, ती वापरा. डोळ्याचा अंदाज हमखास चुकतो.

आता तुमचे ते उंच ठसे. वाचताना मी तिथेच थांबलो. वाऱ्याने सोंडेवरचा सुटा बर्फ खरवडून नेला असं तुम्हीच लिहिलंय. नेला तो कुठे टाकला? वारा ज्या बाजूला वाहत होता त्या आडोशाच्या बाजूला, म्हणजे बहुधा त्याच घळीत. वाऱ्याने आणून रचलेला बर्फ पाटीसारखा जोडलेला असतो, खालच्या जुन्या थराला मात्र नीट चिकटलेला नसतो. वर माणूस आला की अख्खी पाटी सुटते. ज्यांत माणसं अडकतात त्या स्खलनांपैकी बहुतेक त्यांनी स्वतःच किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सोडवलेली असतात. आणि घळीत सगळा बर्फ एकाच अरुंद जागी येऊन भरतो, त्यामुळे थोडा असला तरी खोल पुरतो. गाडलेल्याला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरून काढलं तर आशा असते, पुढे ती झपाट्याने घटते. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब सळई), फावडं यांतलं तुमच्याकडे काय होतं? काहीच नाही, बरोबर? मग घळीकडे बघायचंसुद्धा नाही.

बऱ्याच डोंगराळ भागांत हिवाळ्यात रोजचं हिमस्खलन पत्रक निघतं, एक ते पाच धोक्याची पातळी दिलेली असते. निघायच्या आदल्या रात्री नेस्मिथबरोबर तेही वाचत जा. आणि पातळी तीन म्हणजे "मधली, म्हणजे चालेल" असं नव्हे.

सोनचाफी

@घाटवाट, ठसे आणि घळ यांचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही. मी घळ नाकारली ती पँट फाटेल म्हणून.

खडकू

😂😂

तिरका_डोळा

वृत्तांत दोनदा वाचला. एक शंका. खिंडीत पोचलात एकला पाच कमी असताना. दीर चाळीस मिनिटं म्हणाला. पुढचं वाक्य "आम्ही परत फिरलो." आणि सगळ्यात शेवटी, कंसात, हातमोजा खिंडीत उडाला. तर तो मोजा परत फिरायचं ठरण्याआधी उडाला की नंतर?

निवांत_पामर

वकील आला.

सोनचाफी

@तिरका_डोळा, सापडले. सांगते.

आधी उडाला. आणि खरं म्हणजे एक वाजता आम्ही तिघंही पुढे जायला तयार होतो. मीसुद्धा. नवऱ्याने सह्यांचा कागद खिशातून काढलाच नाही. मी म्हटलं, चला, चाळीस तर चाळीस, फक्त स्पाइक्सचा पट्टा सैल झालाय तो आवळते. जाड मोज्याने पट्टा धरता येईना म्हणून उजवा काढून गुडघ्याखाली दाबला. वाकले, गुडघा हलला, आणि खिंडीतल्या वाऱ्याने मोजा उचलला. उडून गेला असता तर बरं. तो पापुद्र्यावरून हळूच घसरत गेला, थांबला, परत घसरला आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर एका बारक्या उंचवट्याला अडकून राहिला. अंगठा वर करून.

दीर निघाला आणायला. पाचसहा पावलं गेला असेल. नवऱ्याने पुढे झेपावून त्याच्या पाठपिशवीचा वरचा फास धरला आणि मागे खेचून बसवलं. एक शब्द न बोलता. मग काठीने दाखवलं. मोज्याच्या पलीकडे दोन हातांवर बर्फ संपत होता, आणि ती धार सरळ नव्हती, पुढे झुकून खाली वळलेली होती. वाऱ्याने बांधलेला छज्जा. मोजा जिथे होता त्याच्या खाली खडक होता की नुसती हवा, हे आम्हाला कुठूनही दिसत नव्हतं.

तिघंही तसेच बसून राहिलो. मोजा दिसत होता. मग मी म्हटलं, घरी जाऊ.

तर कागदामुळे नाही, शहाणपणामुळे तर मुळीच नाही. मोज्यामुळे.

मुक्कामपोस्ट

हे आधी लिहिलं असतं तर मी तो भित्रेपणाचा शब्द वापरला नसता. मागे घेतो. चाळीस मिनिटांचा हिशेब मात्र मागे घेत नाही.

घाटवाट

तुमच्या यजमानांना साष्टांग. असा छज्जा तुटतो तेव्हा काठावर तुटत नाही, काठापासून बराच आत, घट्ट जमिनीच्या बाजूला तुटतो. म्हणून "अजून दोन हात आहेत की" हा अंदाज फसवा. धारेवरून चालताना वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर, काठापासून भरपूर आत राहायचं. पुढे कोणाचे ठसे काठाजवळून गेलेले दिसले तरी. तो वाचला म्हणून त्याची वाट बरोबर ठरत नाही.

नाडीपरीक्षा

पेशाने डॉक्टर, म्हणून दोन प्रश्न. मोजा गेल्यावर उजव्या हाताचं काय केलंत? आणि दिराची पाठ ओली होती का?

सोनचाफी

हातात पायमोजा घातला. पिशवीत लोकरीची एक जादा जोडी होती. दिसायला भयंकर, पण उतरेपर्यंत डाव्या मोज्यातल्या हातापेक्षा उजवाच जास्त गरम होता!

दिराची पाठ... हो. जाकीट काढलं तेव्हा आतला सुती शर्ट पिळून निघेल असा होता.

नाडीपरीक्षा

पायमोजा गरम वाटणारच. बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात. हाताच्या मोज्यात पाचही जणी वेगवेगळ्या खोल्यांत.

दिराचं जरा गंभीरपणे घ्या. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून नेतं. वर खिंडीतला वारा. हवा उणे पाच असेल आणि वारा ताशी तीस किलोमीटर, तर उघड्या कातडीला ती उणे तेरासारखी लागते. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, पण माणूस त्याच्या आधीपासूनच बदलायला लागतो. झिप लावता येत नाही, पाय अडखळतो, जीभ जड होते. आणि चिडचिड, हट्ट. "मी ठीक आहे, चला पुढे" हे वाक्य अशा वेळी फार ऐकू येतं. थरथर थांबली तर "बरं वाटतंय" असं समजू नका, ते जास्त वाईट. तुमच्या दिराला काही झालं होतं असं मी म्हणत नाही, इथून कसं सांगणार. पण ओल्या शर्टाचा माणूस चाळीस मिनिटं म्हणतो तेव्हा आधी शर्ट बदलायला लावायचा, मग ऐकायचं.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर बर्फाने चोळायची नाहीत. हा सल्ला अजून लोक देतात आणि त्याने इजा वाढते. काखेत धरून ऊब द्या. गोठलेला भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वाटेत वितळवूही नका, थेट खाली या.

सोनचाफी

दिराला हा प्रतिसाद वाचून दाखवला. तो म्हणतो, "मी ठीक होतो." 🙂

निवांत_पामर

एक व्यावहारिक शंका. पाण्याची बाटली गोठते त्याला काय करता? माझं बूच दर वेळी अडकतं.

घाटवाट

उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तो बुडाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. भरताना पाणी कोमट, आणि बाटलीला लोकरीचा मोजा. (हातातला नको.)

हिवाळपाखी

थोडं अवांतर. तो उडालेला मोजा काळा होता का? तसा असेल तर मला खरंच हळहळ वाटते. पडता बर्फ बघायला काळ्या लोकरीसारखं दुसरं काही नाही. मोजा आधी थंड होऊ द्यायचा, श्वास बाजूला सोडायचा, आणि मोज्यावर पडलेली कणी वितळायच्या आत बघायची. सहा हात स्पष्ट दिसतात.

अमेरिकेतल्या व्हरमॉन्टमधल्या विल्सन बेंटली नावाच्या शेतकऱ्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून १८८५ साली हिमकणाचं छायाचित्र घेतलं आणि मग आयुष्यभर तेच करत राहिला, पाच हजारांहून जास्त. त्याआधी १६११ मध्ये खगोलशास्त्रज्ञ केप्लरने हिमकणाला सहाच कोपरे का, यावर एक छोटी पुस्तिकाच लिहिली होती. ग्रहांच्या कक्षांतून वेळ काढून! आणि जपानात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ मध्ये प्रयोगशाळेत हिमस्फटिक वाढवून दाखवला, तो सशाच्या केसावर. तापमान आणि हवेतली वाफ बदलली की आकार बदलतो, कधी चांदणी, कधी सुई, कधी नुसती सहा बाजूंची चकती. म्हणजे कणी बघून वरच्या ढगात काय चाललंय त्याचा अंदाज येतो.

तिरका_डोळा

हे अवांतर आवडलं.

खडकू

गॉगल घातले होते ना सगळ्यांनी? मी एकदा ढगाळ आहे म्हणून काढून ठेवले. दिवसभर काही नाही, रात्री डोळ्यांत मूठभर वाळू. ताजा बर्फ अतिनील किरणांतला मोठा वाटा परत वर फेकतो आणि ढग ते सगळे अडवत नाहीत. नाकपुड्यांच्या आतून भाजलं होतं, हसू नका.

निवांत_पामर

हसलो.

मुक्कामपोस्ट

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

सोनचाफी

@हिवाळपाखी, काळाच होता.

@खडकू, गॉगल होते. हनुवटीच्या खालून मात्र तिघंही लाल. तिथे मलम लावायचं सुचलंच नाही, ऊन खालून येतं हे लक्षात कोण ठेवतं.

पुढच्या महिन्यात परत जायचं ठरतंय. या खेपेला सव्वासहाला, काळोखात निघायचं, म्हणजे पापुद्रा फुटायच्या आत खिंड. तिसरी हेडटॉर्च, दिराला सुती बंदी, पत्रक बघून. मोजा तिथेच असेल का, यावर घरात पैज लागली आहे. मी "नसेल"वर. छज्जा तरी तसाच राहिला असेल का कोण जाणे.

तोवर एक अडचण. माझ्याकडे आता एकटा डावा आहे आणि एकटा उजवा कोणी विकत नाही.

मुक्कामपोस्ट

दोन वर्षांपूर्वी माझा डावा असाच गेला. उजवा कपाटात पडून आहे. काळा. माप काय तुमचं?